दुसरा कान

मामांना एखादी बातमी सांगायला गेलं की ते आधी सांगणाऱ्याच्या पाठीमागे बघायचे. मागे आणखी कोणी उभं असेल तर ठीक. नसेल तर मान वाकडी करून विचारायचे, "ह्ये अजून कुनी ऐकलं का?" नाही म्हटलं की बातमी बाद. मग ती कुणाच्या लग्नाची असो, बदलीची असो की मयताची. एकदा मोठ्या साहेबांनी त्यांना केबिनमध्ये बोलावून तोंडी हुकूम दिला, तर मामा बाहेर आले, शिपायाला दंडाला धरून आत घेऊन गेले आणि म्हणाले, "साहेब, पुन्यांदा सांगा. ह्येला बी ऐकू द्या." साहेबांनी मुकाट्याने हुकूम पुन्हा सांगितला. त्यांचाही इलाज नव्हता, कारण गावाच्या पोटातलं पाणी ऐकणारा तेवढा एकच माणूस खात्याकडे होता.

मामा पाणीपुरवठ्यात लाइनमन होते, सगळं खातं त्यांना मामाच म्हणायचं. मी नवाकोरा कनिष्ठ अभियंता म्हणून रुजू झालो तेव्हा त्यांच्या नोकरीची शेवटची काही वर्षं उरली होती. त्यांचं काम जमिनीखालची गळती हुडकण्याचं. त्यासाठी त्यांच्याकडे छातीइतक्या उंचीची एक लोखंडी सळई होती आणि तिच्या वरच्या टोकाला बाभळीच्या लाकडाची वाटी बसवलेली होती. तिला ते कांडी म्हणायचे. पहाटे शहर जागं व्हायच्या आत आम्ही निघायचो. मामा रस्त्यावर चपला काढायचे, उजव्या कानात कापसाचा बोळा घालायचे, कांडीचं टोक जमिनीला टेकवून वाटी डाव्या कानाला लावायचे आणि डोळे मिटायचे. त्या वेळी कोणी खोकलं तरी त्यांच्या कपाळाला आठी पडायची. कामावर येताना ते मुरमुरेसुद्धा खात नसत. चावण्याचा आवाज डोक्यात राहतो म्हणायचे.

"मेन लाइन गुनगुनती," त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं. "घरच्या नळाची जोडनी शिट्टी मारती. आन् ड्रेनेज नुस्तं पुटपुटतं, त्याच्याकडं ध्यान द्यायचं नाय."

त्यांचं गाव अजिंठ्याच्या अंगाला. घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. बहात्तरच्या दुष्काळात मेंढरं गेली आणि मामा खडी फोडायच्या कामावरून फिरत फिरत औरंगाबादेत आले, ते इथलेच झाले. झाडीत चुकलेलं कोकरू कुठल्या अंगाला ओरडतंय हे लहानपणी कानाने शोधावं लागायचं, तीच विद्या पुढे नोकरीत उपयोगी पडली असं ते सांगायचे. आमच्या घरात मात्र तीन पिढ्या लेखणीवर जगलेल्या. जे कागदावर आलं ते खरं, एवढंच मला शिकवलेलं. त्यामुळे जमिनीला कान लावून बसणाऱ्या या म्हाताऱ्याकडे मी सुरुवातीला जरा गमतीनेच पाहायचो. चार वेळा त्यांनी बोट ठेवलं त्याच जागी पाणी लागलं, तेव्हा माझी गंमत बंद झाली.

कामातही त्यांचा तोच कायदा. मामांनी "हाय" म्हटलं की ते कांडी दुसऱ्याच्या हातात द्यायचे. दुसऱ्याने ऐकून "हाय" म्हटल्याशिवाय कुदळ मारायची नाही. "एक कान म्हंजी नुस्ती अफवा, साहेब. दोन कान झाले तर खबर." मी त्यांच्या हाताखालून शिकत होतो, पण हुद्द्याने वर होतो म्हणून ते मला साहेब म्हणायचे आणि अहो-जाहो करायचे. मी त्यांचा दुसरा कान होतो.

हा कायदा आला कुठून, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. जुन्या शहरातल्या एका गल्लीच्या तोंडाशी चहा पीत होतो. मामांनी त्या गल्लीत पाऊल टाकलं नाही. लांबूनच एका निळ्या दाराकडे बोट केलं.

मागे एका दुष्काळात, त्यांची ऐन उमेदीची वर्षं असताना, त्या घरात एक म्हातारी एकटी राहत होती. गल्ली तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणायची. जोडीचा लाइनमन रजेवर, म्हणून मामा एकटेच पहाटे ऐकत निघाले. त्या दिवशी त्या भागाला पाणी नव्हतं, तरी खालाच्या अंगणाखाली पाणी वाहत होतं. मामांनी सरळ अर्थ लावला, की बाईने मेन लाइनला चोरून जोड दिलाय. त्यांनी तशी खबर दिली आणि खालाचा नळ तोडला गेला. ती सगळ्यांच्या मागे लागून सांगत होती, "बेटा, ये नहर का पानी है. मेरे नाना के जमाने से बोलता है." शहराखालून बादशाही काळातल्या नहरींचे मातीचे नळ गेलेत हे शाळेतल्या पोरांनाही ठाऊक. पण मामांनी आपल्या कानाने ऐकलं होतं, आणि तेव्हा त्यांच्या कानावर सगळ्यांचा विश्वास होता.

रजेवरचा जोडीदार परत आल्यावर मामा त्याला सहज तिथे घेऊन गेले. त्याने कांडी लावली आणि म्हणाला, "आपलं पानी नाय हे. आपल्या पान्याला जोर असतो. ह्ये निवांत चाललंय."

"मला बी निवांतच ऐकू आलं व्हतं," मामा म्हणाले. "पर मी चोर हुडकायला गेलो व्हतो. म्हनून मला चोरच ऐकू आला."

नळ परत जोडायचा तर कागद फिरायला वेळ लागतो. तोवर मामा रोज सकाळी सायकलला दोन कॅन अडकवून खालाच्या दारी पाणी न्यायचे. ती त्यांच्या हातून पाणी घ्यायची नाही. उंबऱ्याबाहेर ठेवून ते गल्लीच्या वळणापर्यंत गेले की मग दार उघडायचं आणि कॅन आत जायचे. "येक दिवस बी बोलली नाय," मामा म्हणाले. "शिव्या दिल्या असत्या तर लई बरं झालं असतं." चहाचा कप तसाच ठेवून ते उठले. त्यानंतर त्यांनी एकट्याने कधीच काही ऐकलं नाही.

आता मला माझं सांगायला हवं. ते टाळून मामांचं चित्र पुरं होत नाही.

शहर तेव्हा चहूबाजूंनी वाढत होतं. हर्सूलच्या अंगाला कालपर्यंत जिथे बाजरी होती तिथे वसाहती उठल्या होत्या आणि जुन्याच नळांना नवे नळ जोडून पाणी ओढलं जात होतं. त्यात पाऊस सलग दगा देत होता. अशाच एका उन्हाळ्यात एका वसाहतीला आठ-आठ दिवसांनी सोडलेलं पाणी मध्येच कुठेतरी गायब होऊ लागलं. आम्ही पहाटेच पोचलो, पण बायका आमच्याही आधी रिकामे हंडे घेऊन रस्त्याच्या कडेला बसल्या होत्या. मामा नव्या डांबरी रस्त्यावर अनवाणी फिरले. एरवीपेक्षा त्यांना फार वेळ लागला. एका जागी ते गुडघ्यावर बसले, बराच वेळ बसून राहिले आणि म्हणाले, "हाय."

त्यांनी कांडी माझ्या हातात दिली. मी कान लावला. मागून डंपर जात होता, बायकांची कुजबूज चालली होती, खिशात वरिष्ठांचा फोन थरथरत होता. मला काहीही ऐकू आलं नाही. थोडं थांबलो, तरी नाही. मला वाटलं, मामांना आलं म्हणजे असणारच. नाही म्हणावं तर इतक्या लोकांसमोर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. मामा माझ्या तोंडाकडे बघत होते.

"ऐकलं का?"

"ऐकलं," मी म्हणालो.

दुपारपर्यंत खोदलं. डांबर फुटलं, मुरूम निघाला, खाली काळा खडक लागला. लाइन सापडली, ती कोरडी ठणठणीत होती. ओल म्हणून नाही. खड्ड्याच्या काठावर एक बाई कमरेला रिकामा हंडा घेऊन उभी होती. ती रागावलेली नव्हती. तिने अगदी साधेपणाने विचारलं, "पानी नव्हतंच, तर तुमी दोघांनी ऐकलं काय?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी खडकाकडे पाहत राहिलो.

पुढे चार दिवसांनी भाड्याच्या यंत्राने ती गळती दोन गल्ल्या सोडून सापडली. मामांनी मात्र खोदाईच्या दुसऱ्याच दिवशी कांडी पुसून स्टोअरमध्ये जमा केली आणि टँकर भरायच्या जागेवर काम मागून घेतलं. तिथे पंपाची इतकी घरघर असते की कुणालाच कुणाचं ऐकू येत नाही. मला त्या दिवसाबद्दल कोणी जाब विचारला नाही. यथावकाश मला बढतीही मिळाली. मामा भेटले की मात्र एकच प्रश्न विचारायचे, "साहेब, त्या जागी दोघांनी ऐकलं व्हतं. मंग तिथलं पानी गेलं कुठं?"

"झिरपलं असेल मामा, खाली खडकात," मी म्हणायचो. एका खोट्यावर हे दुसरं. ते मान हलवायचे, पण त्यांना ते पटायचं नाही. पाण्याला ते माझ्यापेक्षा जास्त ओळखत होते.

निवृत्त झाल्यावर ते मुकुंदवाडीत, स्टेशनच्या मागे त्यांनी बांधलेल्या दोन खोल्यांत राहू लागले. कान भराभर गेले. ऐकायचं यंत्र आणलं होतं, पण ते कानात शिट्टी मारतं म्हणून त्यांनी ते बिस्किटाच्या डब्यात टाकून दिलं. "डोस्क्यात घरच्या जोडनीची गळती लागल्यावानी वाटतं." रेल्वे आली की त्यांना पायाच्या तळव्यांनी कळायचं. टीव्हीचं मात्र तळव्यांनी कळत नाही. ते आवाज पार वर नेऊन ठेवायचे, भिंतीपलीकडचे शेजारी कंटाळायचे आणि मामींना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मामी, म्हणजे त्यांची बायको, अगदी मोजकं बोलणारी बाई. आवाज कमी केला तर मामांना ऐकू येत नाही आणि वाढवला तर शेजारी भांडतात, म्हणून तिने शेवटी टीव्ही लावणंच सोडून दिलं होतं. संध्याकाळी दोघं बंद टीव्हीसमोर बसून राहायची.

पुण्याला असलेल्या त्यांच्या मुलाने वडिलांसाठी बिनवायरचे हेडफोन पाठवले. आठवड्याने मामींचा मला फोन आला. "भाऊ, ह्यांनी डबा उघडून पुन्हा बंद केला. तुम्ही या एकदा."

मी गेलो. हेडफोनसोबत एक लहान डबी होती. ती टीव्हीला जोडायची आणि मग आवाज हवेतून कानात येतो. मी डबीची वायर टीव्हीच्या बाजूच्या गोल भोकात घातली. मामांच्या कानात आवाज आला, त्यांचे डोळे मोठे झाले. आणि त्याच क्षणी टीव्हीचा स्वतःचा आवाज बंद पडला. मामांनी मामींकडे पाहिलं. तिला काहीच ऐकू येत नाही हे लक्षात येताच त्यांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवला.

"ह्ये नको."

"मामा, तुम्हाला ऐकू येतंय ना?" मी मोठ्याने विचारलं.

"मला येकट्याला येतंय. मी काय ऐकलं ते मला कोन सांगनार?"

मामी म्हणाली, "असू द्या हो. तुम्ही ऐका, मी चित्र बघेन." पण मामा हटले नाहीत. मी टीव्ही भिंतीपासून ओढला, मागे टॉर्च मारून पाहिलं. तिथे तांबडी-पांढरी दोन भोकं होती. त्या जागेतून आवाज बाहेर काढला तर टीव्हीचा आवाज बंद होत नाही. बाजारात जाऊन त्या जातीची वायर आणली आणि जोडली. टीव्ही मामींपुरता हळू बोलू लागला आणि मामांच्या कानात त्यांना हवा तेवढा मोठा. दोन्ही एकदम. रिमोटने टीव्हीचा आवाज कमी-जास्त केला तरी कानातला आवाज हलत नव्हता.

मामांनी जरा वेळ ऐकलं. मग हेडफोनची एक बाजू उचलून कान टीव्हीला अगदी चिकटवला, पुन्हा खाली सोडली, पुन्हा उचलली. "साहेब, हिला आधी पोचतंय. मला मागनं." खरंच होतं. हवेतून यायला कानातल्या आवाजाला किंचित उशीर लागत होता. मला ते कळलंही नव्हतं आणि या बहिऱ्या माणसाने पकडलं होतं. मी म्हटलं, दुसरी चांगली डबी आणून देतो. मामा म्हणाले, "राहू द्या. हिचं पानी आधी येतं, माझं मागनं. पर लाइन येकच हाय."

त्यानंतर मी जेव्हा जेव्हा गेलो तेव्हा संध्याकाळच्या बातम्या अशाच चाललेल्या दिसल्या. एक बातमी संपली की मामा मामींकडे बघायचे, मामी "ऐकलं" म्हणून मान हलवायची, मग मामांचा तिच्यावर विश्वास बसायचा. नाथसागर धरणात पाणी किती उरलं ही बातमी असली तर ते तिला दोनदा विचारायचे.

मामी गेली ती एका कोरड्या पावसाळ्यात, पहाटे, झोपेतच. दिवसकार्याला मी होतो. पुढे दोन-तीन महिन्यांनी त्यांच्या शेजाऱ्याचा फोन आला. म्हातारा हेडफोन घालून बसतो आणि तरी टीव्हीही मोठ्याने लावतो, तुम्ही जरा समजावा, असं तो म्हणाला.

रविवारी सकाळी गेलो. मामा आपल्या खुर्चीत, हेडफोन कानावर. टीव्ही खणखणत होता. शेजारची मामींची खुर्ची रिकामी होती, तिच्यावर तिची उशी तशीच. एक बातमी संपली आणि मामांनी त्या खुर्चीकडे पाहिलं. थोडं थांबले. मग पुढच्या बातमीकडे वळले. मला ते बघवेना. मी उशी बाजूला करून तिथे बसलो आणि आवाज कमी केला.

त्यांनी हेडफोन गळ्यात ओढला. "बरं झालं आलात. येक इचारायचंय." मला वाटलं, तोच प्रश्न. पण त्यांनी दुसरंच सांगितलं.

"ती गेली त्या सकाळी मला जाग आली. मी तिच्या छातीला कान लावला. श्वास चालला व्हता साहेब, मी ऐकला. म्हनून मी तिला उठवली नाय, निजू दिली. मंग डाक्टर आला. म्हनला, तास-दोन तास झाले जाऊन. येकट्याचा कान खोटा, ह्ये मला खालापासून ठावं हाय. पर हर्सूलला तर आपुन दोघं व्हतो. दोघांचा बी खोटा निघाला. मंग आता ऐकायचं तरी कशाला? मला सांगा. पानी गेलं कुठं?"

आजवर झिरपलं म्हणालो होतो. त्या दिवशी म्हणवलं नाही. एवढ्या वर्षांचं ओझं एखाद्याने कानात कुजबुजून उतरवावं, पण मामांच्या कानात कुजबुजून चालणार नव्हतं. मला ते ओरडून सांगावं लागलं.

"मामा, मला काही ऐकू आलं नव्हतं!"

"काय?"

"हर्सूलला! मी खोटं बोललो! मला काहीच ऐकू आलं नव्हतं, तरी मी हो म्हणालो!"

पलीकडे चाललेला भांड्यांचा आवाज थांबला. मामा माझ्या तोंडाकडे पाहत राहिले, त्या पहाटे पाहिलं होतं तसेच.

"म्हंजी मी येकटाच व्हतो."

"हो!"

"दुसरा कान नव्हताच."

"नव्हता, मामा!"

मला वाटलं, आता हाकलून देतील. दिलं असतं तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी खालाबद्दल जे म्हटलं होतं ते मला तेव्हा नीट कळलं. पण मामांनी खुर्चीला पाठ टेकली. कुठेतरी हरवलेली वस्तू घरातच सापडावी तसा त्यांचा चेहरा झाला होता.

"मंग कायदा खोटा नाय," ते हळूच म्हणाले. "मी येकट्यानं ऐकलं ते चुकलं. खालाचं चुकलं, हर्सूलचं चुकलं, हिचं बी चुकलं. तीन येळा येकटा व्हतो, तीन येळा चुकलो. कायदा हाय तसाच हाय." मग काही आठवल्यासारखं म्हणाले, "आत माठ हाय. पानी प्या. घसा बसला तुमचा."

मी आत गेलो. माठातलं पाणी प्यालो, तोंड धुतलं, जरा वेळ तिथेच उभा राहिलो. बाहेर आलो तेव्हा मामांनी हेडफोन पुन्हा कानावर चढवला होता. पडद्यावर बातम्या देणाऱ्या बाईचे ओठ हलत होते. मी मामींच्या खुर्चीत बसलो. बातमी संपली, चित्र बदललं आणि मामांनी माझ्याकडे पाहिलं.

"ऐकलं का?"

खोलीत चिटपाखराचा आवाज नव्हता. मला क्षणभर वाटलं, ओरडून ओरडून आपलेच कान बसले. 'ऐकलं' हा शब्द ओठांपर्यंत आला होता, इतकी त्याची सवय. समोर म्हातारा, त्याला नाही म्हणायचं कसं, हा विचारही तोच जुना.

"नाही, मामा," मी म्हणालो. "मला काही ऐकू येत नाही."

हेडफोनमुळे त्यांना माझे शब्द कळले नसतील, पण माझी मान आडवी हलली ती दिसली. त्यांनी मांडीखाली दडवलेला रिमोट बाहेर काढला. मी आत असताना त्यांनी टीव्हीचा आवाज शून्यावर नेऊन ठेवला होता.

"आता खरं बोललास," मामा म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदाच अरे-तुरे केलं.

मग त्यांनी आवाज वाढवला, शेजाऱ्यांना त्रास होणार नाही इतकाच, आणि पुढची बातमी आम्ही दोघांनी ऐकली.